मृदंगाचा इंग्रजी बोल

केवलरामला चहा हवा असला तर तो तोंडानं मागायचा नाही. पितळी उपडी घालायचा आणि तिच्यावर बोटं वाजवायचा. लग्नानंतर महिनाभरात शकुबाईला सगळं समजलं: बारीक टिकटिक म्हणजे चहा, पंजानं लांब घुमारा म्हणजे पोट भरलं, आणि दोन्ही एकदम म्हणजे स्वारी खुशीत आहे, जवळ जायला हरकत नाही. "बापानं मले माणसाले देल्लं का मृदंगाले देल्लं, तेच समजून नाही राहिलं," असं ती शेजारणींना सांगायची, आणि सांगता सांगता स्वतःच हसायची. कारण तिनं त्याला पहिल्यांदा पाहिलं तेच मुळी मृदंगासकट.

दिवाळी झाली की भंडाऱ्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसाढवळ्या बाजार, पाळणे, जिलेबी, आणि मधोमध दंडार: गाणं, नाच, सोंगं, सगळं एकात. साकोलीकडच्या एका मंडईत केवलराम डोळे मिटून वाजवत होता आणि शकुबाई बांगड्या भरायचं सोडून त्याच्याकडे बघत होती. बांगडीवालीनं तिचा हात तसाच धरून ठेवला होता म्हणतात. खरंखोटं तीच जाणे.

त्याला शिकवणाऱ्या म्हाताऱ्याचा एकच नियम होता. जे तोंडानं म्हणता येत नाही, ते हातानं वाजत नाही. आधी बोल पाठ कर, मग कातड्याला हात लाव. म्हणून केवलराम नांगरामागे चालतानाही 'धा किट तक धुम' म्हणत चालायचा, आणि बैलांनाही त्याची सवय झाली होती.

सत्तावन्न साली भिलाईत लोखंडाचा कारखाना उभा राहतो आहे, माणसं पाहिजेत, अशी हाकाटी झाली. गावचे चारपाच जण निघाले. त्यांत भजनमंडळातला गायक बाबुलाल होता, आणि केवलराम. जमीन भावाकडे ठेवली. दुर्गला उतरून ते लाल धुळीतून चालत मजुरांच्या कॅम्पात आले, तेव्हा भांडी, कपडे, तांदळाचं गाठोडं आणि तीन वर्षांची कौशल्या, हे सगळं शकुबाईच्या अंगावर होतं. केवलरामच्या खांद्यावर गोधडीत गुंडाळलेला मृदंग. "जड होऊन राहिलं का?" असं त्यानं वाटेत विचारलं. तिनं नुसतं बघितलं. मग त्यानं पोरगी घेतली.

काम मिळालं ते एका ठेकेदाराकडे, नळात बसायचं. बैलगाडी जाईल एवढा मोठा लोखंडी नळ. पत्रे एकमेकांना रिव्हेटनं जोडायचे. लालभडक रिव्हेट भोकातून घालायची, बाहेरचे दोघे तिला मशीनच्या हातोड्यानं ठोकणार, आणि आतल्या माणसानं तिच्या डोक्यावर लोखंडाचा ठोकळा दाबून धरायचा. आतला माणूस केवलराम. बाहेर ऐकणाऱ्याचे दात हलत, तर आतल्याचं काय होत असेल! शकुबाईनं उशीतला कापूस काढून त्याच्यासाठी बोळे केले. रोज सकाळी स्वतः त्याच्या कानात घालून द्यायची.

आठ दिवसांनी तिला ते बोळे सदऱ्याच्या खिशात सापडले. पांढरेशुभ्र, नळातली काजळीही न लागलेले.

"हे कावून काढता?" तिनं विचारलं.

"अवं, तुले काय सांगू," तो म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. "आत बसलो ना, का तिरकिट वाजते! इतका साफ हात आपल्या गावात कोणाचा होता का? कापूस घातला का ते नुसती खटखट होते. बोल नाही ऐकू येत."

आता या माणसाला काय म्हणावं! सगळं जग ज्या आवाजापासून पळत होतं, त्यात हा बाबा बोल शोधत बसला. शकुबाई रागावली, रडली, दोन दिवस बोलली नाही. पण तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो घरी येऊन नळातला तिरकिट मृदंगावर वाजवून दाखवायला लागला, आणि अख्खी चाळ दारात जमा झाली, तेव्हा तीही कौतुकानं बघतच राहिली. चूक तिथंच झाली असं ती पुढं जन्मभर म्हणायची. तेव्हाच मृदंग उचलून कपाटामागे टाकायला हवा होता.

दीड वर्षानं नळाचं काम संपलं. कारखान्यात केवलरामला खलाशाची नोकरी लागली, दोरखंड आणि साखळ्या लावून जड वजनं उचलायची. भट्टीतून पहिलं लोखंड निघालं. कॅम्पातून बघितलं की आभाळाच्या एका कोपऱ्याला कुंकवाचं बोट पुसल्यासारखं दिसायचं. दुपारी पाळीवरून आला की तो अंगणात खाट टाकून पडायचा. उन्हं कलायची, धूळ सोन्यासारखी तरंगायची, आणि अर्धवट झोपेत त्याच्या चेहऱ्यावर हळूच हसू यायचं.

"कायचं हासता?" शकुबाईनं एकदा विचारलं.

"मंडई भरली वाटते कुठंतरी," तो डोळे न उघडता म्हणाला. "दूर. खूप मृदंग वाजून राहिले. तुले नाही ऐकू येत?"

तिला काही ऐकू येत नव्हतं. रोज दुपारी त्याची मंडई भरायची. तो तिच्यात हरवून जायचा, कधी मानेनं ताल धरायचा, कधी म्हणायचा, आज दोन दंडारी आल्या, आज भारी रंग आला. शकुबाईलाही त्या गोष्टीची गोडी लागली. भाजी निवडता निवडता ती विचारायची, "आज कोण आलं मंडईले?" आणि तो गावातल्या एकेकाची नावं घ्यायचा. मेलेल्यांचीसुद्धा. कितीतरी दुपारी दोघांनी मिळून ती मंडई हिंडून काढली.

पण मेलेल्यांची नावं यायला लागली तशी ती घाबरली. तिनं आपल्या समजुतीनं निदान केलं. हसू नका, तिच्या जागी तुम्हीही तेच केलं असतं. गावची देवी, मातामाय, बोलावते आहे. आपण गाव सोडलं आणि चार वर्षांत साधा नारळ वाहिला नाही. तेव्हा दिवाळीची रजा काढून तिघं गावी गेली.

मंडई ऐन भरात होती. चार गावांच्या चार दंडारी एकाच मैदानात, एकमेकींच्या उरावर बसून वाजत होत्या. शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागत होतं. केवलराम बरोबर मधोमध जाऊन उभा राहिला. डोळे मिटले.

"ऐक," तो म्हणाला. "असाच आवाज हाय. मले खाटेवर येते ना, बरोब्बर तेवढाच."

"तेवढाच?" शकुबाईनं विचारलं.

त्यानं उत्तर दिलं नाही. तिनं पुन्हा, मोठ्यानं विचारलं. तो डोळे मिटून हसत उभा होता. हातभरावर मृदंग कडाडत होते, पोरं कानांवर हात ठेवत होती, आणि या माणसाला तो सगळा गलका कॅम्पातल्या रिकाम्या दुपारी यायचा तेवढाच ऐकू येत होता. शकुबाईला तिथंच उमगलं. मातामाय बिचारी कोणाला बोलावत नव्हती. याचे कान जात होते. जाताना ते आतल्या आत घुमत होते, आणि त्या घुमण्यालाच तो मंडई समजत होता.

नारळ तिनं तरीही वाहिला. मागितलं मात्र काही नाही, कारण काय मागावं तेच सुचेना.

त्यानंतर दोन वर्षं त्या घरात एक मोठं नाटक चाललं. तो ऐकू येतं असं दाखवायचा, ती त्याला ऐकू येतं असं मानायची. बोलायचं असलं की ती समोर येऊन उभी राहायची, ओठ नीट हलवायची, पाठीमागून कधी हाक मारायची नाही. कामावर समजलं तर डॉक्टर तपासेल, वजनं उचलायच्या टोळीतून काढतील, ही भीती होतीच. पण ती लहान भीती. नोकरी गेली असती तर केवलरामनं दुसरी मजुरी केली असती. मृदंग हातातून गेला असता तर त्यानं काय केलं असतं, हे शकुबाईला माहीत नव्हतं. त्याला तर नव्हतंच.

पण मृदंग लपवू देतो होय! मृदंगाच्या डाव्या तोंडाला वाजवायच्या आधी ओली कणीक लावतात, म्हणजे आवाज खाली उतरून घुमतो. ती कणीक भिजवायचं काम लग्नापासून शकुबाईचं. घर भात खाणारं, पण मृदंगापुरती कणीक डब्यात कायम. पूर्वी सुपारीएवढी लागायची. मग लिंबाएवढी. मग तो म्हणायला लागला, "अजून दे." जितकी कणीक जास्त तितका घुमारा जड, आणि तो मांडीला जाणवायचा. तो आता मांडीनं ऐकत होता. उजव्या बाजूची बारीक 'ता' मात्र कुठंच जाणवेना, म्हणून तो उजवं तोंड ताणत ताणत न्यायचा. एका वर्षात दोन वेळा कातडं फाटलं.

रविवारी दुपारी कॅम्पातल्या चिंचेखाली गावकऱ्यांचं भजनमंडळ बसायचं, दिवाळीला तेच दंडारही करायचं. केवलराम बाबुलालच्या ओठांकडे बघून वाजवायचा, पण बाबुलालनं मान वळवली की गाणं एकीकडे आणि मृदंग दुसरीकडे. सगळे बघत होते, कोणी बोलत नव्हतं. शेवटी दिवाळीच्या आधी बाबुलालच घरी आला. चहा घेतला, बशी खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"वहिनी," तो शकुबाईला म्हणाला, "यंदा दंडारीत भैयालाल बसन मृदंगावर. तुमसरचा हाय, हात बरा हाय त्याचा. केवल्याले मी सांगू कसा? माह्या तोंडातून निघून नाही राहिलं."

केवलराम पलीकडे बसून दोघांचे चेहरे बघत होता. एक शब्द ऐकू आला नसेल. तो उठला, मृदंग गोधडीत गुंडाळला आणि उंच खुंटीला टांगून दिला. मग बाबुलालच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "बरं केलं, बापा. माहे हात दुखून राहिले होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चुलीपाशी येऊन बसला. पितळी समोर होती. तिला त्यानं हात लावला नाही.

"चहा दे," तो म्हणाला.

लग्नाला तेरा वर्षं झाली होती, आणि त्यानं पहिल्यांदा तोंडानं चहा मागितला. शकुबाईनं चहा दिला, आणि मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडली.

तीन महिने घर मुकं होतं. मग एका दुपारी कौशल्या शाळेतून उड्या मारत आली. आता ती चौथीत होती, हिंदी फर्राटेदार बोलायची आणि मराठी फक्त आईबापाशी. तिच्या वर्गाच्या रत्नमालाबाई नागपूरकडच्या, मोठ्या हौशी. गॅदरिंगसाठी त्यांनी मुलींना एक इंग्रजी गाणं स्वतः जुळवून दिलं होतं, शिपायांच्या कवायतीचं, आणि त्यात ढोल वाजायचा. बाईंनी विचारलं, ढोल कोण वाजवेल? आणि ही भवानी हात वर करून मोकळी झाली: "मेरे बाबा!"

"बाबा, सुनो ना," ती त्याच्यासमोर येऊन म्हणाली. "इंग्रजी ढोल कसा बोलते, माहीत आहे? रब-अ-डब!"

त्यानं मान हलवली. ती मान कशी हलते ते आतापर्यंत शकुबाईला पाठ होतं. त्याला ओठांवरून 'इंग्रजी' एवढंच कळलं होतं, पुढचा बोल नाही. कौशल्यानं घटकाभर त्याच्याकडे बघितलं. मग स्टूल ओढलं, वर चढली, मृदंग खुंटीवरून काढला. जमिनीवर ठेवून त्याच्या डाव्या तोंडाशी पोटावर पालथी पडली, आणि बापाचा पंजा धरून उजव्या तोंडावर ठेवला. कातड्याला ओठ टेकवून म्हणाली, "रब-अ-डब."

केवलराम दचकला. ओठांवरून न कळलेला बोल पंजाला कळला होता.

"पुन्हा म्हन."

"रब-अ-डब. रब-अ-डब-डब."

"आता ता म्हन. किट म्हन."

ती म्हणाली. त्याचा पंजा निपचित होता. "आता इंग्रजी म्हन," तो म्हणाला, आणि कातडं पुन्हा मांजराच्या पोटासारखं घुरघुरलं. केवलराम हसायला लागला. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

"अरे बापा! याच्यात ता नाहीच! आपल्या बोलात अर्धं उजवं, अर्धं डावं. हा इंग्रजी बोल सारा डाव्या हाताचा हाय. रब बी खाली, डब बी खाली. ज्यानं हा बोल काढला ना, त्यालेही..."

चुलीपाशी शकुबाईचा हात थांबला. तिनं मागे वळून बघितलं नाही. थोड्या वेळानं तिला पितळीवर टिकटिक ऐकू आली.

मग काय विचारता! म्हाताऱ्याच्या नियमाप्रमाणे आधी तोंडपाठ. केवलराम रस्त्यानं रब-अ-डब, साखळी ओढताना रब-अ-डब, भात कालवताना रब-अ-डब. टोळीतले खलाशी म्हणाले, "केवल्या इंग्रजी शिकून राहिला, आता फोरमनच होते!" दुपारी तो खाटेवर पडायचा तेव्हा पोरगी मृदंगाला तोंड लावून गाणं म्हणायची, आणि तो पंजावर ते झेलत पडून राहायचा. उन्हाचा पट्टा दोघांच्या पायांवरून सरकत जायचा. शकुबाईला वाटायचं, हे असंच चालावं, गॅदरिंग कधी येऊच नये.

पण ते आलं. शाळेच्या मैदानात तंबू, फळ्यांचं स्टेज, पुढं साहेबलोकांच्या खुर्च्या, मागं सतरंजीवर बाकीचे. तिसऱ्या प्रहराचं मऊ ऊन. कागदी टोप्या घालून बारा मुली रांगेत उभ्या राहिल्या, कौशल्या पहिली. कडेला केवलराम, धुतलेलं धोतर, मृदंगाला पेरूएवढी कणीक. त्यानं डोळे मिटले आणि पंजा टाकला.

काय वाजवलं हो त्यानं! फळ्या घुमल्या. मुलींचे पाय आपोआप पडायला लागले, पुढचे साहेब खुर्चीवर बोटं आपटायला लागले. रब-अ-डब, रब-अ-डब-डब. सतरंजीवर बाबुलाल बसला होता. त्याचे डोळे भरून आले. गाणं संपलं. बारा मुलींनी एकदम पाय आपटला आणि सलाम ठोकला.

आणि मृदंग चालूच राहिला.

पहिल्यांदा लोकांना वाटलं, असंच असेल. मग पुढून कोणीतरी हसलं. मग दोघं. बाईंनी हातानं खूण केली, पण डोळे मिटलेल्या माणसाला खूण कोण दाखवणार! तो आपल्या नादात, चेहऱ्यावर हसू, मान डोलते आहे, हात पडताहेत. शकुबाईला वाटलं, धावत जावं आणि त्याचे हात धरावे. पण सगळ्या भिलाईदेखत त्याचे हात धरणं म्हणजे सगळ्या भिलाईला सांगणं. ती अर्धी उठली आणि तशीच राहिली.

कौशल्यानं सलामाचा हात खाली घेतला. बापाकडे बघितलं. मग डावा पाय उचलून फळीवर आपटला, आणि एकटीनं गाण्याची पहिली ओळ पुन्हा सुरू केली. तिच्या शेजारची मुलगी गोंधळली, पण पाय उचलला. मग तिसरी. मग सगळी रांग. हसणारे गप्प झाले. दुसऱ्यांदा गाणं पहिल्यापेक्षाही रंगलं, आणि शेवटची ओळ आली तेव्हा कौशल्या रांग सोडून, पाय आपटत, बापाजवळ गेली आणि मृदंगाच्या डाव्या तोंडावर हात ठेवला. त्यानं डोळे उघडले. समोर सगळे टाळ्या वाजवत होते. त्यानं ते बघितलं आणि वाकून नमस्कार केला.

घरी जाताना ऊन उतरलं होतं. कौशल्या कागदी टोपी घालून पुढं चालली होती. केवलराम खांद्यावर मृदंग घेऊन शकुबाईच्या बाजूनं चालला होता.

"मधात पाय थांबले होते," तो एकदम म्हणाला. "फळ्या गप झाल्या. मले समजलं."

शकुबाई त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "मंग थांबले कावून नाही?"

"डोळे उघडाची भीती वाटली. म्हटलं, सारे हासून राहिले असतील, अन् पोट्टी मधात लाजून उभी असन. ते पाहण्यापरीस वाजवत राहिलो. मंग पाय पुन्हा सुरू झाले. बाईनं दुसऱ्यांदा घ्याले लावलं असन." त्यानं मृदंग या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. "मले ऐकू येत नाही, कौशीची माय. लय दिवस झाले."

तिनं त्याचा हात धरला. रस्त्यात, लोकांदेखत.

"पोट्टीले सांगू नको," तो म्हणाला. "तिले वाटते, बाप ऐकून वाजवते."

पुढं चाललेली कौशल्या थांबली. वळली, माघारी त्याच्यासमोर आली, त्याची नजर आपल्या तोंडावर येईपर्यंत थांबली, आणि मग एकेक शब्द सावकाश सुटा करून म्हणाली, "बाबा, भूक लागली."

"नाही सांगत," शकुबाई केवलरामकडे वळून म्हणाली.